रीबूटनंतर व्हॉल्यूम दिसेनासा झाला, तर

वीज जाते, परत येते, गॅरेजमधला छोटा सर्व्हर आपला आपण सुरू होतो. पण त्यावरचं हिशेबाचं व्हर्च्युअल मशीन काही उठत नाही. पडद्यावर एवढंच दिसतं की अमुक नावाचं डिव्हाइस सापडलं नाही. न्यूझीलंडमधले मराठी वाचक हा प्रश्न पुन्हा पुन्हा विचारतात. कुणाची डेअरी असते (इथल्या अर्थाने, म्हणजे कोपऱ्यावरचं दुकान), कुणी घरून अकाउंटिंगची कामं घेतं, कुणी मंडळाच्या ग्रंथालयाची यादी सांभाळतं, तर कुणी दिवसभर नोकरीत सर्व्हर सांभाळून संध्याकाळी हौसेने घरचा सर्व्हर उघडून बसतं. पुढचं वाक्य मात्र सगळ्यांचं एकच: ‘डेटा गेला वाटतं.’

बहुतेक वेळा तो गेलेला नसतो. त्या घबराटीत आपण जे करून बसतो, त्यानेच जातो. म्हणून हा लेख आधी काय करू नये इथून सुरू होतो आणि काय करावं याकडे नंतर वळतो.

एक सूचना: आज्ञा इथे बोलताना म्हणतात तशा देवनागरीत दिल्या आहेत. टंकताना त्या नेहमीप्रमाणे रोमन लहान अक्षरांतच टंकायच्या आणि बहुतेकींना ‘सुडो’ लागेल.

एवढं आधी माहीत हवं

लिनक्समधला ‘/डेव्ह’ हा फोल्डर डिस्कवर साठवलेला नसतो. मशीन सुरू होताना तो दर वेळी मेमरीत नव्याने भरला जातो. शाळेत हजेरी घेताना एखादं नाव पुकारायचं राहिलं, म्हणून ते मूल गाव सोडून गेलं असं होत नाही. इथेही तसंच आहे. नोंद नसणं म्हणजे नोंद करण्याच्या कामात कुठेतरी खंड पडणं.

ते काम ठरलेल्या क्रमाने चालतं. कर्नलला खरी डिस्क दिसते. त्या डिस्कवरचा झेडएफएसचा पूल किंवा एलव्हीएमचा व्हॉल्यूम ग्रुप ओळखला जातो (या दोन्ही डिस्कांची जागा एकत्र करून तिचे व्हॉल्यूम पाडणाऱ्या प्रणाली). त्यातला व्हॉल्यूम सक्रिय होतो आणि कर्नल त्याला ‘झेडडी१६’ किंवा ‘डीएम-३’ असं रूक्ष नाव देतो. मग ‘यूडेव्ह’ ही सेवा त्या नावाला आपल्या ओळखीच्या नावाची लिंक जोडते. शेवटी व्हर्च्युअल मशीन किंवा ‘एफएसटॅब’ (माउंट करायच्या व्हॉल्यूमांची यादी) ती लिंक शोधायला येतं. साखळी कुठे तुटली एवढंच आपल्याला शोधायचं आहे.

आणखी एक गोष्ट डोक्यात ठेवा. रीबूट स्वतः सहसा दोषी नसतो. मागच्या रीबूटनंतर केलेला प्रत्येक बदल, म्हणजे कर्नलचं अपडेट, नवी डिस्क, बदललेली केबल, फिल्टरची एखादी ओळ, आज पहिल्यांदा कसाला लागतो. फेब्रुवारी २०२३ मध्ये गॅब्रिएल चक्रीवादळात नेपियरजवळचं रेडक्लिफ सबस्टेशन पाण्याखाली गेलं आणि त्या भागात कित्येक दिवस वीज नव्हती. महिनोन्‌महिने बंदच न झालेली यंत्रं अशा वेळी एका दमात बंद पडतात आणि एका दमात सुरू होतात. म्हणून पहिला प्रश्न ‘वीज गेली तेव्हा काय झालं’ हा विचारू नका. ‘मागच्या वेळी हे यंत्र नीट सुरू झालं, त्यानंतर आपण काय काय बदललं’ हा विचारा.

पहिल्या अर्ध्या तासात काय करू नका

- ‘डिस्क इनिशियलाइझ करायची का’ किंवा ‘वापरण्याआधी फॉरमॅट करा’ असं कुणीही विचारलं, तर उत्तर नाही. विंडोज हे विचारतं आणि नवा इन्स्टॉलरही विचारतो.
- ‘झेडपूल क्रिएट’, ‘पीव्हीक्रिएट’, ‘एमकेएफएस’ या आज्ञांना हात लावू नका. ‘आधी होता तसाच पूल पुन्हा बनवतो, म्हणजे जुना डेटा दिसेल’ ही कल्पना फार जणांना सुचते. त्याने जुना डेटा दिसत नाही.
- ‘/डेव्ह’मध्ये हाताने नोंद किंवा लिंक बनवू नका. आकडा चुकला तर भलत्याच डिस्कवर लिहिलं जाईल, आणि बरोबर आला तरी पुढच्या रीबूटला ती लिंक पुसली जाईलच.
- पूल जबरदस्तीने इम्पोर्ट करणारा ‘-एफ’ कारण कळल्याशिवाय लावू नका.
- एकामागून एक रीबूट करू नका. डिस्क दमलेली असेल, तर प्रत्येक सुरुवात तिच्या जिवावर येते. डिस्कमधून टकटक आवाज येत असेल, तर यंत्र लगेच बंद करा आणि थेट ‘थांबायचं केव्हा’ या भागाकडे जा.

पाहणी: फक्त पाहणाऱ्या आज्ञा

खालच्या आज्ञा काहीही बदलत नाहीत. प्रत्येकीचं उत्तर दुसऱ्या यंत्रावर किंवा कागदावर टिपून ठेवा. पुढे दुकानदाराशी किंवा तंत्रज्ञाशी बोलताना हाच कागद कामी येतो.

१. ‘एलएसबीएलके’. खऱ्या डिस्का सगळ्या दिसतात का, त्यांचे आकार बरोबर आहेत का? एखादी गायब असेल, तर वरच्या मजल्यावर काही शोधण्यात अर्थ नाही. केबल, वीजपुरवठा आणि यूएसबीचा डबा पाहा.

२. ‘स्मार्टसीटीएल -ए’ आणि डिस्कचं नाव. पेंडिंग किंवा रीअलोकेटेड सेक्टरचे आकडे वाढलेले दिसले, तर दुरुस्ती बाजूला ठेवून नक्कल काढायच्या मागे लागा.

३. झेडएफएस असेल तर ‘झेडपूल स्टेटस’ आणि ‘झेडएफएस लिस्ट -टी व्हॉल्यूम’. एलव्हीएम असेल तर ‘पीव्हीएस’, ‘व्हीजीएस’, ‘एलव्हीएस -ए’.

४. ‘एलएस -एल /डेव्ह/झेडव्हॉल’ किंवा ‘एलएस -एल /डेव्ह/मॅपर’. तिसऱ्या पायरीच्या यादीत व्हॉल्यूम आहे आणि इथे नाही, अशी स्थिती असेल तर अर्धी लढाई जिंकलात.

५. ‘जर्नलसीटीएल -बी’ या वेळच्या सुरुवातीची नोंदवही दाखवतं, ‘जर्नलसीटीएल -बी -१’ आधीच्या वेळची. वेळेकडे नीट पाहा. बरेच सर्व्हर यूटीसीवर ठेवलेले असतात आणि इथल्या उन्हाळ्यात यूटीसी आपल्या घड्याळाच्या १३ तास मागे असते, हिवाळ्यात १२. मंगळवारी सकाळी गेलेल्या विजेची नोंद सोमवारच्या रात्रीत सापडेल.

झेडएफएस: यादीत आहे, ‘/डेव्ह’मध्ये नाही

घरगुती सर्व्हरवर प्रॉक्समॉक्स (व्हर्च्युअल मशीनं सांभाळणारी प्रणाली) चालवणाऱ्यांची ही नेहमीची तक्रार. ‘झेडएफएस लिस्ट’मध्ये ‘व्हीएम-१००-डिस्क-०’ आपल्या आकारासकट दिसतो, पण मशीन सुरू करायला गेलं की ‘टाइमआउट: नो झेडव्हॉल डिव्हाइस लिंक’ असा संदेश येतो. इथे डेटा सुखरूप आहे असं मी बेधडक सांगेन. पूल इम्पोर्ट झालाय, व्हॉल्यूम ओळखला गेलाय. अडलंय ते शेवटच्या पायरीवर.

‘एलएसबीएलके’मध्ये ‘झेडडी०’, ‘झेडडी१६’, ‘झेडडी३२’ अशी नावं आहेत का ते पाहा. (ती सोळाच्या पटीत वाढतात; मधली नावं हरवलेली नसतात, ती पार्टिशनांसाठी राखलेली असतात.) यापुढे दोन वाटा आहेत.

*‘झेडडी’ नावं आहेत, लिंक नाही.* यूडेव्हने आपला नियम चालवला नाही, किंवा गर्दीत त्याला उशीर झाला. ‘यूडेव्हअॅडम ट्रिगर’ चालवा, मग ‘यूडेव्हअॅडम सेटल’. पहिली आज्ञा सगळ्या डिव्हाइसांसाठी नियम पुन्हा चालवायला सांगते, दुसरी ते काम संपेपर्यंत थांबते. बहुतेक वेळा लिंका लगेच हजर होतात. नाही झाल्या, तर यूडेव्हच्या नियमांच्या फोल्डरात ‘६०-झेडव्हॉल’ नावाची नियमांची फाइल आहे का ते बघा. पॅकेज अर्धवट अपडेट झालं असेल तर ती नसते, आणि मग झेडएफएसचं पॅकेज पुन्हा बसवणं हा इलाज.

*‘झेडडी’ नावंच नाहीत.* मग कर्नलनेच डिव्हाइस काढलेलं नाही. कारणं मोजकी आहेत:

- व्हॉल्यूम एन्क्रिप्टेड आहे आणि किल्ली दिलेली नाही. ‘झेडएफएस गेट कीस्टेटस’ विचारा. ‘अनअव्हेलेबल’ असं उत्तर आलं तर ‘झेडएफएस लोड-की’ देऊन परवलीचा शब्द टाका. नोंद आपोआप उमटेल. स्वतःच एन्क्रिप्शन लावून ते विसरलेले वाचक कमी नाहीत.
- ‘व्हॉलमोड’ हा गुणधर्म ‘नन’वर आहे. ‘झेडएफएस गेट व्हॉलमोड’ने कळतं. कुणी मुद्दाम तसं केलं नसेल तर ‘डीफॉल्ट’वर आणा.
- मॉड्यूलला डिव्हाइस बनवायची मनाई आहे. ‘झेडव्हॉल_इनहिबिट_डेव्ह’ हा पॅरामीटर १ असेल तर एकही व्हॉल्यूम दिसणार नाही.
- तुम्ही शोधताय तो स्नॅपशॉट आहे. स्नॅपशॉटांच्या डिव्हाइस नोंदी मुळातच लपवलेल्या असतात. ‘स्नॅपडेव्ह’ ‘व्हिजिबल’ करावं लागतं.

लिंका हाताने आणता येतात, पण प्रत्येक रीबूटला पुन्हा गायब होतात, असं असेल तर तो शर्यतीचा प्रश्न आहे. व्हर्च्युअल मशीन आधी धावतं, लिंका मागून पोचतात. ओपनझेडएफएसमध्ये यासाठीच ‘झेडएफएस-व्हॉल्यूम-वेट’ ही सेवा आहे. सगळ्या लिंका येईपर्यंत ती थांबते आणि मग ‘झेडएफएस-व्हॉल्यूम्स’ हे टार्गेट पूर्ण झाल्याचं सांगते. ती चालू आहे का ते ‘सिस्टिमसीटीएल’ने तपासा आणि तुमची सेवा त्या टार्गेटनंतर सुरू होईल अशी ओळ जोडा. प्रॉक्समॉक्सवर याहून सोपा मार्ग म्हणजे मशीनच्या पर्यायांत सुरुवातीचा क्रम आणि विलंब ठरवून देणं.

झेडएफएस: पूलच नाही

‘झेडपूल स्टेटस’ने ‘नो पूल्स’ म्हटलं की काळजाचा ठोका चुकतो. ‘झेडपूल इम्पोर्ट’ ही आज्ञा पुढे काहीही न लिहिता द्या. तशी दिली तर ती इम्पोर्ट करत नाही, फक्त काय सापडलं ते दाखवते.

मॉड्यूल नाही असं उत्तर असेल, तर बहुधा कर्नल बदललाय आणि त्याच्यासाठी झेडएफएसचं मॉड्यूल बांधलं गेलेलं नाही. डेबियनवर हे नेहमीचं. ‘डीकेएमएस स्टेटस’ पाहा. घाईची वेळ असेल तर सुरुवातीच्या मेनूतून आधीचा कर्नल निवडा, काम उरका आणि दुरुस्ती शनिवारी करा. लाजायचं काही कारण नाही. जुने कर्नल यासाठीच ठेवलेले असतात.

पूल दिसतोय पण ‘हा शेवटी दुसऱ्या सिस्टिमने वापरला होता’ असं म्हणतोय, तर थांबा. यंत्राची होस्टआयडी बदलली असेल, किंवा डिस्का नव्या यंत्रात हलवल्या असतील, तर हरकत नाही. पण तोच पूल दुसऱ्या एखाद्या चालू यंत्राला किंवा व्हर्च्युअल मशीनलाही जोडलेला असेल आणि तुम्ही जबरदस्तीने इम्पोर्ट केलात, तर दोघं एकाच वेळी लिहितील आणि पूल कायमचा बिघडेल. दुसरं यंत्र बंद असल्याची डोळ्यांनी खात्री करा, मगच ‘-एफ’. मनात शंका असेल तर आधी ‘रीडओन्ली’ पर्याय लावून इम्पोर्ट करा आणि महत्त्वाचं तेवढं बाहेर काढा.

पूल ‘एसडीबी’, ‘एसडीसी’ अशा नावांवर बांधला असेल, तर ती नावं प्रत्येक सुरुवातीला तशीच राहतील याची हमी नाही. ‘झेडपूल इम्पोर्ट -डी /डेव्ह/डिस्क/बाय-आयडी’ असं देऊन पूल घ्या, म्हणजे पुढे तो अनुक्रमांकांवरून ओळखला जाईल. नंतर ‘कॅशफाइल’ हा गुणधर्म पुन्हा लिहा आणि ‘अपडेट-इनिटरामएफएस -यू’ चालवा. नाहीतर सुरुवातीच्या टप्प्यावर जुनीच यादी वाचली जाते आणि पुढच्या वेळी पुन्हा तेच.

एलव्हीएम: ‘इनअॅक्टिव्ह’चा अर्थ

इथे पहिली आज्ञा ‘एलव्हीस्कॅन’. प्रत्येक व्हॉल्यूमपुढे ‘अॅक्टिव्ह’ किंवा ‘इनअॅक्टिव्ह’ लिहिलेलं येतं. इनअॅक्टिव्ह म्हणजे व्हॉल्यूम ओळखला गेलाय, पण जागा केलेला नाही. त्यामुळे ‘/डेव्ह’मध्ये त्याची नोंद नसणारच. ‘व्हीजीचेंज -एवाय’ आणि ग्रुपचं नाव दिलं की नोंद येते. अॅक्टिव्ह असूनही नोंद नसेल तर ‘व्हीजीस्कॅन --एमकेनोड्स’.

नावाची एक गंमत माहीत नसली की तासभर जातो. ग्रुपच्या किंवा व्हॉल्यूमच्या नावात आडवी रेघ असेल, तर ‘/डेव्ह/मॅपर’मध्ये ती दुहेरी होते. ‘मंडळ-डेटा’ या ग्रुपचा ‘पुस्तके’ हा व्हॉल्यूम तिथे ‘मंडळ--डेटा-पुस्तके’ असा दिसेल. हरवलेला नाही, नाव लांबलंय.

दर रीबूटला हाताने जागं करावं लागत असेल, तर कारण यांपैकी एखादं असतं:

- डिव्हाइसची यादी. आरएचईएल ९ आणि त्याच घराण्यातल्या रॉकी, अल्मा यांवर एलव्हीएम ‘सिस्टिम.डिव्हाइसेस’ या फाइलमध्ये नोंदलेल्या डिस्काच पाहतं. डिस्क दुसऱ्या कंट्रोलरला जोडली किंवा व्हर्च्युअल डिस्कची प्रत करून नवी लावली, की तिची ओळख बदलते आणि एलव्हीएम तिच्याकडे ढुंकूनही पाहत नाही. ‘एलव्हीएमडिव्हाइसेस --चेक’ने तफावत दिसते, ‘--अॅडडेव्ह’ने डिस्क यादीत घालता येते. जुन्या आवृत्तीवरून आलेले अनुभवी लोकच इथे जास्त अडकतात, कारण त्यांना ही फाइल आहे हेच माहीत नसतं.
- फिल्टर. ‘एलव्हीएम.कॉन्फ’मधला ‘ग्लोबल_फिल्टर’ कधीकाळी कुणीतरी घट्ट केलेला असतो.
- आपोआप जागं होण्याला मनाई. ‘एलव्हीएस -ओ +ऑटोअॅक्टिव्हेशन’ विचारा. बंद असेल तर ‘एलव्हीचेंज --सेटऑटोअॅक्टिव्हेशन’ने चालू करा.
- सुरुवातीची छोटी प्रतिमा (इनिटरामएफएस) जुनी. डेबियन-उबंटूवर ‘अपडेट-इनिटरामएफएस -यू’, आरएचईएलच्या घराण्यात ‘ड्रॅकट -एफ’.

थिन पूलचा किस्सा वेगळा. प्रॉक्समॉक्सवर ‘पीव्हीई/डेटा’ जागा होत नाही आणि संदेश म्हणतो की ‘डेटा_टीमेटा’ सक्रिय असताना हे करता येणार नाही. होतं असं की सुरुवातीला ‘थिन_चेक’ ही तपासणी चालते, पूल मोठा असेल तर ती लांबते, आणि वेळ संपली म्हणून यूडेव्ह ती मध्येच मारून टाकतो. मागे अर्धवट जागे झालेले भाग उरतात. ‘एलव्हीचेंज -एएन’ने ‘डेटा_टीमेटा’ आणि ‘डेटा_टीडेटा’ झोपवा, मग ‘एलव्हीचेंज -एवाय’ने ‘पीव्हीई/डेटा’ जागा करा. पुन्हा पुन्हा होत असेल तर ‘थिन_चेक’च्या पर्यायांत ‘--स्किप-मॅपिंग्ज’ घालता येतं. ‘थिन_चेक’ हा प्रोग्रॅमच बसवलेला नसेल तर मात्र ‘थिन-प्रोव्हिजनिंग-टूल्स’ हे पॅकेज आधी आणा. ‘एलव्हीकन्व्हर्ट --रिपेअर’ हा शेवटचा उपाय आहे, पहिला नव्हे.

ग्रुपमधली एक डिस्क खरोखरच मेली असेल, तर ‘--अॅक्टिव्हेशनमोड पार्शल’ने उरलेलं वाचायला मिळू शकतं. आणि कुणी चुकून डिस्कचा मथळाच पुसला असेल, तरी ‘/इटीसी/एलव्हीएम/अर्काइव्ह’मध्ये ग्रुपच्या रचनेच्या जुन्या प्रती असतात, ‘व्हीजीसीएफजीरिस्टोअर’ त्यांवरूनच काम करतं. त्या फोल्डराची प्रत आजच दुसरीकडे ठेवा. काही किलोबाइटचा प्रश्न आहे.

झेडएफएस आणि एलव्हीएम एकाच यंत्रावर नांदत असतील, तर होस्टने ‘झेडडी’ डिव्हाइसांच्या पोटात डोकावू नये. पाहुण्या मशीनच्या आतला व्हॉल्यूम ग्रुप होस्टच जागा करून बसतो आणि मग मशीनला डिस्क मिळत नाही. प्रॉक्समॉक्स आपल्या फिल्टरमध्ये ‘झेडडी’ वगळून देतं. हाताने उभारलेल्या सर्व्हरवर ते तुम्ही करायचं.

नेटवर्कवरची आणि क्लाउडमधली डिस्क

नॅसवरून आयस्कझीने घेतलेला व्हॉल्यूम रीबूटनंतर नसेल, तर दोन गोष्टी तपासा: ‘नोड.स्टार्टअप’ ‘मॅन्युअल’ आहे का, आणि ‘एफएसटॅब’च्या ओळीत ‘_नेटडेव्ह’ आहे का. वीज परत आल्यावर नॅसला उठायला सर्व्हरपेक्षा जास्त वेळ लागतो हेही विसरू नका. अशा वेळी दहा मिनिटं थांबून पुन्हा लॉगिन करणं एवढाच उपाय पुरतो.

वेलिंग्टनच्या कॅटॅलिस्ट क्लाउडसारखा ओपनस्टॅकवरचा सर्व्हर असेल, तर ‘व्हीडीबी’ या नावावर विसंबू नका. ‘/डेव्ह/डिस्क/बाय-आयडी’मध्ये ‘व्हर्टआयओ-’ आणि पुढे व्हॉल्यूमच्या आयडीची पहिली २० अक्षरं असतात, पूर्ण आयडी नसतो. पूर्ण आयडी लिहून शोधणाऱ्याला तो कधीच सापडत नाही. अॅमेझॉनच्या नव्या मशीनवर ‘एनव्हीएमई’ क्रमांक सुरुवातीगणिक बदलू शकतात. दोन्हीकडे औषध एकच: माउंट करताना यूयूआयडी वापरा.

विंडोजवर

स्टोरेज स्पेसेसची व्हर्च्युअल डिस्क रीबूटनंतर ‘डिटॅच्ड’ दिसत असेल, तर पॉवरशेलमध्ये ‘गेट-व्हर्च्युअलडिस्क’ने स्थिती पाहा, ‘कनेक्ट-व्हर्च्युअलडिस्क’ने जोडा, आणि ‘सेट-व्हर्च्युअलडिस्क’ला ‘इजमॅन्युअलअटॅच’ ‘फॉल्स’ देऊन सवय मोडा. डिस्क मॅनेजमेंटमध्ये ‘ऑफलाइन’ असेल तर उजवी क्लिक करून ‘ऑनलाइन’ करा. व्हीएचडी फाइल हाताने जोडलेली असेल, तर रीबूटनंतर ती सहसा पुन्हा जोडावी लागते. त्यात बिघाड काही नाही.

पक्की दुरुस्ती

व्हॉल्यूम दिसला, मशीन उठलं, की बरेच जण लॅपटॉप मिटतात. तो मोह टाळा. हाताने दिलेली आज्ञा पुढच्या सुरुवातीला कुणी देणार नसतं.

- ‘एफएसटॅब’मध्ये डिव्हाइसच्या नावाऐवजी यूयूआयडी. ज्याच्यावाचून यंत्र सुरू होऊ शकतं अशा व्हॉल्यूमला ‘नोफेल’. तो नसेल तर सिस्टिमडी दीड मिनिट वाट पाहतं आणि मग आणीबाणीच्या पडद्यावर नेऊन ठेवतं. घरापासून दूर असाल तर तिथून पुढे काहीच करता येत नाही.
- डेटाबेस चालवणाऱ्या सेवेला मात्र ‘व्हॉल्यूम माउंट झाल्याशिवाय सुरू होऊ नको’ असं सांगा. ‘नोफेल’ लावून हे केलं नाही, तर सेवा रिकाम्या फोल्डरवर सुरू होते, नवा कोरा डेटाबेस बनवते, आणि ‘सगळं पुसलं गेलं’ म्हणून पुन्हा धावाधाव.
- दिवसाउजेडी, बॅकअप हाताशी असताना, मुद्दाम दोनदा रीबूट करून पाहा. एकदा साधा, एकदा पूर्ण वीज बंद करून. दोहोंत डिस्का जाग्या होण्याचा वेग वेगळा असतो.
- यूपीएस घ्या आणि त्याची यूएसबी तार सर्व्हरला लावा. तार न लावलेला यूपीएस तासाभराने बॅटरी संपली की सर्व्हरला तसाच धाडकन पाडतो.

थांबायचं केव्हा

डिस्कच्या वाचनात चुका येत असतील, पूल ‘फॉल्टेड’ असेल, किंवा पाहणीच्या पायऱ्या करूनही साखळी कुठे तुटली ते सांगता येत नसेल, तर आज्ञा देणं थांबवा. आधी ‘डीडीरेस्क्यू’ने पूर्ण डिस्कची नक्कल दुसऱ्या डिस्कवर घ्या आणि पुढचे सगळे प्रयोग नकलेवर करा. डिस्क यांत्रिकरीत्या बिघडली असेल, तर नक्कलही घरी काढू नका. डेटा परत मिळवणाऱ्या प्रयोगशाळेत न्या आणि ‘डेटा मिळाला नाही तर किती पैसे’ हे लेखी विचारा.

कधीकधी तर व्हॉल्यूम शोधत बसणंच चुकीचं असतं. मंडळाच्या ग्रंथालयाची यादी ‘कोहा’वर असेल, तर (ही प्रणाली इथलीच, होरोव्हेनुआच्या ग्रंथालयांसाठी बनली आणि जानेवारी २००० मध्ये तिथे सुरू झाली, आज महाराष्ट्रातल्या कितीतरी महाविद्यालयांत आहे) तुमचा खरा ठेवा म्हणजे तिचा डेटाबेस. डेबियनवर ‘कोहा-रन-बॅकअप्स’ने काढलेल्या प्रती ‘/व्हार/स्पूल/कोहा’मध्ये असतात. ताजी प्रत हाती असेल तर नव्या मशीनवर कोहा उभं करून ती भरणं हे रात्रभर झेडव्हॉल धुंडाळण्यापेक्षा लवकर होतं. अट एकच: ती प्रत हरवलेल्या व्हॉल्यूमवरच ठेवलेली नसावी. फार ठिकाणी ती तिथेच असते.

भारतातून मदत घेताना

आपल्याकडे रात्रीचे अकरा वाजतात तेव्हा पुण्यात दुपारचे साडेतीन किंवा साडेचार झालेले असतात, त्यामुळे भाच्याला किंवा जुन्या सहकाऱ्याला फोन लावणं सोपं. लावा, पण रूटचा पासवर्ड व्हॉट्सअॅपवर पाठवू नका. पडदा दाखवा, आज्ञा स्वतः टंका, आणि प्रत्येक आज्ञा देण्याआधी ‘ही लिहिते की फक्त वाचते?’ एवढं विचारा. पाहणीचा कागद आधी पाठवा. त्यात लिनक्सची आवृत्ती, कर्नल, झेडएफएस किंवा एलव्हीएमची आवृत्ती आणि शेवटचा बदल या चार गोष्टी असल्या, तर निम्मी प्रश्नोत्तरं वाचतात.

तुमचे हक्क आणि तुमची जबाबदारी

डिस्क किंवा यंत्र सदोष निघालं, तर ‘वॉरंटी संपली’ हे दुकानदाराचं शेवटचं उत्तर मानू नका. कन्झ्युमर गॅरंटीज अॅक्ट १९९३ नुसार घरगुती वापराच्या वस्तू वाजवी काळ टिकल्या पाहिजेत, आणि तो काळ उत्पादकाच्या वॉरंटीपेक्षा लांब असू शकतो. विक्रेता तुम्हाला ‘कंपनीला कळवा’ म्हणून वाटेला लावू शकत नाही. जबाबदारी त्याचीही आहे. दोष गंभीर असेल तर पैसे परत, बदली वस्तू यांतली निवड तुमची. दोषामुळे झालेलं, आधी अंदाज येण्यासारखं इतर नुकसानही मागता येतं. पण दोन अपवाद लक्षात ठेवा. धंद्यासाठी खरेदी करताना लेखी कराराने हा कायदा लागू नसल्याचं ठरवता येतं, म्हणून दुकानाच्या नावावर बिल करताना अटी वाचा. आणि ट्रेड मीवर खासगी व्यक्तीकडून घेतलेल्या जुन्या डिस्कला तो लागू नाही. व्यावसायिक विक्रेता असेल तर आहे.

घरगुती कामासाठी बोलावलेल्या तंत्रज्ञालाही हाच कायदा लागू होतो: काम वाजवी काळजीने आणि कौशल्याने व्हायला हवं. वाद मिटला नाही तर डिस्प्यूट्स ट्रायब्यूनल आहे. तिथे वकील चालत नाहीत, आपली बाजू आपणच मांडायची. अर्ज कसा करायचा ते सिटिझन्स अॅडव्हाइस ब्यूरो मोफत समजावून सांगतं.

ग्राहकांची किंवा सभासदांची माहिती त्या व्हॉल्यूमवर असेल, तर प्रायव्हसी अॅक्ट २०२० तुम्हाला लागू आहे, छोट्या मंडळालाही. माहिती चोरीला जाणं म्हणजेच गोपनीयतेचा भंग, असं अनेकांना वाटतं. कायद्याच्या व्याख्येत माहिती तात्पुरती वा कायमची हाताबाहेर जाणंही येतं. त्यामुळे कुणाला गंभीर हानी झाली असेल किंवा होण्याचा संभव असेल, तर प्रायव्हसी कमिशनरला आणि त्या व्यक्तींना कळवणं बंधनकारक आहे. कमिशनरच्या कार्यालयाची अपेक्षा ७२ तासांची आहे, आणि सबळ कारणाशिवाय न कळवल्यास १०,००० डॉलरपर्यंत दंड होऊ शकतो. वर्गणीची यादी दोन तास दिसली नाही म्हणून कुणी हे करायला सांगणार नाही. वृद्ध सभासदांच्या औषधांच्या नोंदी हरवल्या तर मात्र करावं लागेल.

करासंबंधीच्या नोंदी ७ वर्षं जपाव्या लागतात. ‘सर्व्हर उठला नाही’ या कारणाने ती मुदत कमी होत नाही, तेव्हा हिशेबाची एक प्रत या सगळ्या व्हॉल्यूमांच्या बाहेर असू द्या. आणि सदोष डिस्क दुकानात परत करण्याआधी तिच्यावरच्या माहितीचं काय होणार ते विचारून घ्या. बदलीत घेतलेली डिस्क सहसा परत मिळत नाही. ती पुसता येण्याच्या स्थितीत नसेल आणि तिच्यावर लोकांची माहिती एन्क्रिप्शनशिवाय पडलेली असेल, तर बदलीचे पैसे सोडून ती स्वतःजवळ ठेवणं कधीकधी स्वस्त पडतं.